डिवा चाचणी

डिवा चाचणी म्हणजे जनावराच्या रक्तातील प्रतिपिंडे रोगाच्या प्रत्यक्ष संसर्गामुळे निर्माण झाली आहेत की लसीकरणामुळे, हे ओळखणारी प्रयोगशाळेतील चाचणी होय. ‘संसर्गित व लसीकृत प्राण्यांमधील भेद’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘डिवा’ हे नाव पडले. नेदरलँड्समधील लेलीस्टाड येथील पशुविषाणुतज्ज्ञ यान फान ऑयरशॉट यांनी ही संज्ञा १९९९ साली रूढ केली. भारतात या चाचणीचा सर्वाधिक उपयोग गाय, म्हैस, शेळी, मेंढी व डुक्कर यांना होणाऱ्या लाळ्या खुरकूत रोगाच्या सर्वेक्षणात होतो.

डिवा ही एकच ठरावीक चाचणी नसून चाचण्यांचा एक वर्ग आहे. प्रत्येक रोगासाठी ती वेगळी असते आणि ज्या लसीच्या जोडीने तिची आखणी झाली असेल, त्या लसीपुरतीच ती उपयोगी पडते.

पार्श्वभूमी

रोगजंतू शरीरात शिरला की त्याच्या विशिष्ट घटकांविरुद्ध शरीर प्रतिपिंडे तयार करते. या घटकांना प्रतिजन म्हणतात. रोग बरा झाल्यावरही प्रतिपिंडे काही महिने किंवा वर्षे रक्तात टिकतात. त्यामुळे रक्त तपासून जनावर पूर्वी त्या रोगाच्या संपर्कात आले होते का, हे सांगता येते. मात्र लसीचे कार्यही हेच असते. जनावर आजारी न पडता त्याच्या शरीरात प्रतिपिंडे तयार व्हावीत, यासाठीच लस टोचली जाते. परिणामी, सर्वसाधारण चाचणीत लस टोचलेले निरोगी जनावर आणि रोगातून उठलेले जनावर दोन्ही सारखीच दिसतात.

ही अडचण केवळ प्रयोगशाळेपुरती नाही. एखाद्या प्रदेशात रोग उरलेला नाही हे सिद्ध करायचे असेल, तर तेथील जनावरांचे रक्त तपासून संसर्गाचा मागमूस नसल्याचे दाखवावे लागते. सर्वच जनावरांना लस दिलेली असेल, तर सर्वांच्याच रक्तात प्रतिपिंडे सापडतात आणि त्याखाली संसर्गाची खूण झाकली जाते. अशा वेळी दोनच मार्ग उरतात : लसीकरण थांबवून वाट पाहणे, किंवा लस दिलेली जनावरेही संशयित मानणे. डिवा चाचणीने यातून तिसरा मार्ग काढला.

बुळकांडीचे उदाहरण

डिवा चाचणी उपलब्ध नसताना काय करावे लागते, याचे उदाहरण बुळकांडी रोगाच्या निर्मूलनात सापडते. बुळकांडीची लस अत्यंत प्रभावी होती. परंतु तिच्यात कोणतीही वेगळी खूण नव्हती. त्यामुळे रोग आटोक्यात आल्यावर लसीकरण बंद करणे आणि त्यानंतर जन्मलेल्या, लस न टोचलेल्या जनावरांचे रक्त तपासून रोग परतला नाही याची खात्री करणे, एवढाच मार्ग होता. लसीकरण बंद केल्यावर रोग परत आला असता, तर संरक्षण नसलेली जनावरे मोठ्या संख्येने दगावली असती. भारतात बुळकांडीची शेवटची लागण १९९५ साली नोंदली गेली, २००६ साली देशाला बुळकांडीच्या संसर्गापासून मुक्त असल्याची मान्यता मिळाली आणि २०११ साली हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे घोषित करण्यात आले.

तत्त्व

डिवा पद्धतीचे मूळ तत्त्व असे : लसीत रोगजंतूचा निदान एक प्रतिजन मुद्दाम वगळलेला असतो. नैसर्गिक संसर्गात मात्र संपूर्ण रोगजंतू शरीरात शिरत असल्याने त्या वगळलेल्या प्रतिजनाविरुद्धही प्रतिपिंडे तयार होतात. चाचणीत नेमकी तीच प्रतिपिंडे शोधली जातात. ती आढळली तर संसर्ग झाला असल्याचा निष्कर्ष निघतो. ती नसून इतर प्रतिपिंडे असतील, तर केवळ लसीकरण झाले आहे असे मानले जाते. अशा लसीला खूणलस किंवा मार्कर लस म्हणतात.

खूणलस प्रामुख्याने पुढील प्रकारांनी तयार केली जाते :

१. जनुक वगळलेली लस – जिवंत किंवा निष्क्रिय विषाणूतील एखाद्या प्रथिनाचे जनुक काढून टाकलेले असते. डुकरांच्या औजेस्की रोगावरील लस या प्रकारची आहे. फान ऑयरशॉट व सहकाऱ्यांनी त्या रोगासाठी भेद करणारी चाचणी १९८६ साली प्रसिद्ध केली. पुढे अशा लस-चाचणीच्या जोडीच्या साहाय्याने अनेक देशांनी पाळीव डुकरांतून या रोगाचे उच्चाटन केले. गाईंच्या आयबीआर या श्वसनरोगासाठीही युरोपात हीच पद्धत वापरली गेली.

२. उपघटक लस – संपूर्ण विषाणूऐवजी त्याचे एकच प्रथिन वापरले जाते. डुकरांच्या अभिजात ज्वरावरील ई-२ प्रथिनाची लस हे याचे उदाहरण होय. तिच्या जोडीने ‘ई-आरएनएस’ या दुसऱ्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे शोधली जातात.

३. शुद्धीकृत निष्क्रिय लस – विषाणू वाढवून, निष्क्रिय करून, त्यातील नको असलेली प्रथिने गाळून काढली जातात. लाळ्या खुरकूत रोगाची लस या प्रकारात मोडते.

लाळ्या खुरकूत रोगासाठीची चाचणी

लाळ्या खुरकूत हा विषाणूजन्य व अतिशय वेगाने पसरणारा रोग आहे. त्यात जनावराला ताप येतो, तोंडात व खुरांच्या बेचक्यात फोड येतात, लाळ गळते आणि दूध घटते. प्रौढ जनावरे सहसा दगावत नाहीत. मात्र वासरांमध्ये हृदयाच्या स्नायूंना इजा होऊन मृत्यू येऊ शकतो. बरे झालेले बैल उन्हात धापा टाकतात व कामाला पूर्वीसारखे राहत नाहीत. विषाणूचे ओ, ए, सी, एशिया-१ आणि सॅट-१, २, ३ असे सात प्रकार आहेत. भारतातील लसीत ओ, ए व एशिया-१ या तीन प्रकारांचा समावेश असतो.

या विषाणूची प्रथिने दोन गटांत विभागली जातात. विषाणूचे बाह्य कवच ज्यांपासून बनते, ती संरचनात्मक प्रथिने. विषाणू पेशीत शिरून स्वतःच्या प्रती काढू लागला की त्या कामापुरती जी तयार होतात, ती असंरचनात्मक प्रथिने. लसीसाठी विषाणू प्रयोगशाळेतील पेशींत वाढवतात, रसायनाने निष्क्रिय करतात आणि शुद्धीकरणात असंरचनात्मक प्रथिने शक्य तितकी काढून टाकतात. लसीतील मृत विषाणू जनावराच्या शरीरात वाढू शकत नसल्याने तेथेही ही प्रथिने नव्याने तयार होत नाहीत. म्हणून असंरचनात्मक प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे ही जिवंत विषाणू शरीरात वाढल्याची खूण ठरतात.

या दिशेने पहिला प्रयत्न १९६६ साली झाला. संसर्गाशी निगडित असा एक प्रतिजन तेव्हा ओळखला गेला; तो म्हणजे विषाणूचे ३-डी हे प्रथिन, असे पुढे स्पष्ट झाले. परंतु ते प्रथिन लसीतही शिल्लक राहत असल्याने लस दिलेली जनावरेही त्या चाचणीत होकारार्थी येत. १९९० च्या दशकात ३-एबीसी या प्रथिनसमूहावर आधारित चाचण्या विकसित झाल्या आणि त्या अधिक विश्वसनीय ठरल्या. असंरचनात्मक प्रथिने विषाणूच्या सातही प्रकारांत बरीचशी सारखी असल्याने एकाच चाचणीत कोणत्याही प्रकारचा संसर्ग ओळखता येतो.

भारतात मुक्तेश्वर (उत्तराखंड) येथील लाळ्या खुरकूत प्रकल्प संचालनालयाने ३-एबी-३ या प्रथिनावर आधारित एलायझा चाचणी विकसित केली. २०११ साली प्रसिद्ध झालेली ही चाचणी देशातील सर्वेक्षणात वापरली जाते. ही संस्था आता भारतीय कृषी संशोधन परिषदेची राष्ट्रीय लाळ्या खुरकूत संस्था म्हणून भुवनेश्वरजवळील अरुगुल येथे कार्यरत आहे.

कार्यपद्धती

जनावराच्या मानेतील शिरेतून काही मिलिलीटर रक्त काढतात. ते गोठू दिल्यावर वर येणारा पिवळसर द्रव, म्हणजे रक्तजल, वेगळा करून थंड पेटीतून प्रयोगशाळेकडे पाठवतात. नमुन्यासोबत जनावराच्या कानातील बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक, वय, गाव आणि शेवटच्या लसीकरणाचा दिनांक नोंदवणे आवश्यक असते. ही नोंद नसेल, तर निकालाचा अर्थ लावणे कठीण जाते.

प्रयोगशाळेत ९६ खळग्यांची प्लास्टिकची पट्टिका वापरतात. प्रत्येक खळग्याच्या तळाशी असंरचनात्मक प्रथिन चिकटवलेले असते. त्यात रक्तजल घातले की त्यातील प्रतिपिंडे, असल्यास, प्रथिनाला बिलगतात. खळगे धुऊन त्यांत विकर जोडलेले दुसरे प्रतिपिंड आणि शेवटी रंग देणारे द्रावण घालतात. रंग उमटला तर प्रतिपिंडे आहेत, असा त्याचा अर्थ होतो. रंगाची तीव्रता यंत्राने मोजून ती ज्ञात होकारार्थी व नकारार्थी नमुन्यांशी ताडून पाहतात. स्पर्धात्मक एलायझा या दुसऱ्या प्रकारात हा क्रम उलट असतो. तेथे रंग फिका पडणे ही प्रतिपिंडांची खूण असते.

निकालाचा अर्थ

संरचनात्मक व असंरचनात्मक अशा दोन्ही प्रतिपिंडांची तपासणी केल्यास पुढील शक्यता दिसतात :

- दोन्ही नाहीत : जनावराला संसर्ग झालेला नाही, लस दिली नसावी किंवा तिचा प्रभाव ओसरला असावा. असे जनावर रोगाला बळी पडू शकते.
- केवळ संरचनात्मक आहेत : लसीकरण झाले आहे, संसर्गाची खूण नाही.
- दोन्ही आहेत : संसर्ग होऊन गेला आहे, लस दिलेली असो वा नसो.
- केवळ असंरचनात्मक आहेत : चाचणीतील चूक असण्याची, किंवा लसीच्या चाचणीत न धरलेल्या विषाणूप्रकाराचा संसर्ग असण्याची शक्यता तपासावी लागते.

होकारार्थी निकाल म्हणजे जनावर आज आजारी आहे किंवा रोग पसरवत आहे, असे नव्हे. असंरचनात्मक प्रतिपिंडे संसर्गानंतर साधारणतः एक ते दोन आठवड्यांत दिसू लागतात आणि अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ टिकतात. त्यामुळे चाचणी ‘विषाणू येऊन गेला’ एवढेच सांगते. तो केव्हा आला किंवा अजून आहे का, हे सांगत नाही. विषाणू अजून आहे का, हे पाहण्यासाठी घशातील द्रवाचा नमुना घेऊन त्यात विषाणू शोधावा लागतो.

चाचणीचा निकाल एकेका जनावरापेक्षा कळपाच्या किंवा गावाच्या पातळीवर अधिक भरवशाचा असतो. एखाद्या चाचणीची विशिष्टता ९९ टक्के आहे असे धरले, तर संसर्ग अजिबात नसलेल्या १,००० जनावरांपैकी सुमारे १० जनावरे तरी चुकीने होकारार्थी येतील. हे १० नमुने वेगवेगळ्या गावांत विखुरलेले असतील, तर ती चाचणीची चूक असण्याचा संभव अधिक असतो. तेच एकाच गोठ्यात किंवा वस्तीवर एकवटलेले असतील, तर तेथे विषाणू फिरून गेला असण्याची शक्यता बळावते. म्हणून होकारार्थी नमुन्यानंतर दुसऱ्या पद्धतीने फेरतपासणी, त्याच कळपातील इतर जनावरांचे नमुने आणि जनावरांच्या ने-आणीची चौकशी हा क्रम पाळला जातो.

लसीकरण की कत्तल

डिवा चाचणीचे महत्त्व जगापुढे ठळकपणे आले ते २००१ साली. त्या वर्षी ब्रिटनमध्ये लाळ्या खुरकूत रोगाची मोठी साथ आली आणि तिच्या नियंत्रणासाठी ६० लाखांहून अधिक जनावरे मारण्यात आली. लस उपलब्ध असूनही ती वापरली गेली नाही. लसीकृत जनावरांत दडलेला संसर्ग ओळखता येईल का, ही शंका आणि निर्यातीवरील निर्बंध, ही त्याची महत्त्वाची कारणे होती. नेदरलँड्समध्ये साथीभोवतीच्या जनावरांना लस टोचण्यात आली. परंतु नंतर त्या निरोगी, लसीकृत जनावरांचीही कत्तल करण्यात आली.

या घटनेवर मोठी टीका झाली. २००३ साली युरोपीय संघाने नव्या निर्देशात आणीबाणीच्या लसीकरणाला अधिक वाव दिला आणि लसीकृत जनावरे जिवंत ठेवण्याच्या धोरणाला असंरचनात्मक प्रतिपिंडांच्या तपासणीची जोड दिली. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या नियमांनुसार, लसीकृत जनावरे मारून टाकणाऱ्या देशाला रोगमुक्त दर्जा ३ महिन्यांनी परत मागता येतो. ती जिवंत ठेवून रक्तचाचण्यांनी संसर्ग नसल्याचे दाखवणाऱ्या देशाला त्यासाठी साधारणतः ६ महिने थांबावे लागते.

भारत व महाराष्ट्र

भारतात रोगग्रस्त जनावरांच्या सरसकट कत्तलीचे धोरण नाही. शेतकऱ्याची उपजीविका एक-दोन दुभत्या जनावरांवर किंवा बैलजोडीवर चालते, अशा देशात लसीकरण हाच रोगनियंत्रणाचा मुख्य आधार आहे. लाळ्या खुरकूत नियंत्रण कार्यक्रम २००३-०४ साली ५४ जिल्ह्यांत सुरू झाला. पुढे ११ सप्टेंबर २०१९ रोजी मथुरा येथून राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाला प्रारंभ झाला. लाळ्या खुरकूत व सांसर्गिक गर्भपात या दोन रोगांसाठीच्या या कार्यक्रमावर पाच वर्षांसाठी १३,३४३ कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. २०३० पर्यंत लाळ्या खुरकूत रोगाचे उच्चाटन हे त्याचे उद्दिष्ट आहे.

या कार्यक्रमात रक्तनमुन्यांचा उपयोग दोन वेगळ्या कारणांसाठी होतो. लसीकरणाच्या दिवशी व सुमारे २८ दिवसांनंतर घेतलेल्या नमुन्यांत संरचनात्मक प्रतिपिंडे मोजून लस लागू पडली का, हे पाहतात. स्वतंत्रपणे घेतलेल्या नमुन्यांत असंरचनात्मक प्रतिपिंडे शोधून विषाणू गावात फिरतो आहे का, हे पाहतात. पहिली तपासणी लसीची परीक्षा असते, तर दुसरी रोगाची.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे ३.३ कोटी पशुधन आहे. पुण्यातील औंध येथील पशुसंवर्धन विभागाचा रोग अन्वेषण विभाग हा पश्चिम विभागाची प्रादेशिक रोगनिदान प्रयोगशाळा म्हणूनही काम पाहतो. लाळ्या खुरकूत मुक्त क्षेत्र घोषित करण्याच्या दृष्टीने केंद्र सरकारने निवडलेल्या राज्यांत महाराष्ट्राचा समावेश आहे. लसीकरण चालू ठेवूनच असा दर्जा मिळवायचा असल्याने डिवा चाचणीशिवाय तो सिद्ध करता येत नाही.

नळदुर्ग परिसरातील संदर्भ

धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील नळदुर्ग हे बोरी नदीकाठचे गाव सोलापूर–हैदराबाद महामार्गावर, कर्नाटकाच्या सीमेपासून जवळ आहे. तुळजापूर, लातूर व उदगीर हा परिसर उस्मानाबादी शेळीचे मूळ क्षेत्र मानला जातो. देवणी व लाल कंधारी हे गोवंशही मराठवाड्याच्या याच भागातले. उदगीर येथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

रोगसर्वेक्षणाच्या दृष्टीने या परिसराचे वैशिष्ट्य म्हणजे जनावरांची ये-जा. धाराशिव व बीड जिल्ह्यांतील ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास बैलजोड्यांसह पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. कारखान्याच्या तळावर निरनिराळ्या जिल्ह्यांतील बैल एकत्र बांधले जातात. आठवडी बाजार, यात्रांमधील खरेदी-विक्री आणि मेंढपाळांचे स्थलांतर यांमुळेही जनावरे एकमेकांच्या संपर्कात येतात. अशा बैलाला लस दिलेली असली, तरी तळावर त्याचा विषाणूशी संबंध आला असू शकतो. लसीमुळे त्याच्यात लक्षणे दिसत नाहीत. पण असंरचनात्मक प्रतिपिंडे त्याची साक्ष देऊ शकतात. म्हणूनच लस दिल्याचा दाखला हा संसर्ग नसल्याचा पुरावा मानता येत नाही. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून कानात बिल्ला नसलेल्या जनावरांच्या खरेदी-विक्रीवर व वाहतुकीवर निर्बंध घालण्यात आले. अशा नोंदींमुळे होकारार्थी नमुन्याचा माग काढणे सोपे होते.

इतर रोग

सांसर्गिक गर्भपात (ब्रुसेलोसिस) – या जिवाणूजन्य रोगासाठी भारतात ४ ते ८ महिने वयाच्या मादी वासरांना ‘एस-१९’ ही जिवंत लस आयुष्यात एकदाच देतात. या लसीमुळे तयार होणारी प्रतिपिंडे रोझ बेंगॉल या नेहमीच्या चाचणीत संसर्गासारखीच दिसतात. लहान वयात लस दिल्यास ती हळूहळू ओसरतात, मोठ्या वयात दिल्यास दीर्घकाळ राहतात. वयाची अट घालण्यामागील हे एक कारण आहे. ‘आरबी-५१’ या पर्यायी लसीच्या जिवाणूत पृष्ठभागावरील तो प्रतिजन नसल्याने ती दिलेली जनावरे या चाचणीत नकारार्थी राहतात. हा रोग कच्च्या दुधातून व बाधित जनावराच्या विण्याच्या वेळी होणाऱ्या संपर्कातून माणसालाही होतो. त्यामुळे संसर्गित व लसीकृत गाय यांतील फरक गोठ्यात राबणाऱ्या कुटुंबाच्या आरोग्याशीही निगडित आहे.

लम्पी चर्मरोग – २०२२ च्या साथीत महाराष्ट्रातील गोवंशाला शेळ्यांच्या देवीवरील लस देण्यात आली. हे दोन्ही विषाणू एकाच कुळातील असल्याने त्यांची प्रतिपिंडे रक्तचाचणीत वेगळी ओळखता येत नाहीत. मात्र त्यांच्या जनुकांत फरक असल्याने गाठीच्या किंवा खपलीच्या नमुन्यावर पीसीआर चाचणी करून विषाणू कोणता, हे सांगता येते.

पीपीआर – शेळ्या-मेंढ्यांच्या या रोगावर भारतात वापरली जाणारी ‘सुंग्री-९६’ ही लस परिणामकारक आहे. परंतु तिच्या जोडीची डिवा चाचणी प्रचलित नाही. त्यामुळे उस्मानाबादी शेळीसारख्या लसीकृत कळपांत या रोगाचे सर्वेक्षण करताना बुळकांडीच्या वेळची अडचणच पुन्हा समोर येते.

क्षयरोग – गाईंच्या क्षयावर बीसीजी लस दिल्यास नेहमीची ट्युबरक्युलिन चाचणी होकारार्थी येऊ शकते. म्हणून बीसीजीत नसलेल्या ‘ईसॅट-६’ व ‘सीएफपी-१०’ या प्रथिनांवर आधारित त्वचाचाचणी विकसित करण्यात आली आहे. ही रक्तचाचणी नसली, तरी तिचे तत्त्व डिवाचेच आहे.

मर्यादा

- लसीकृत जनावराला संसर्ग झाल्यास त्याच्या शरीरात विषाणू कमी प्रमाणात वाढतो. त्यामुळे असंरचनात्मक प्रतिपिंडे अत्यल्प तयार होऊन चाचणीतून ते निसटू शकते. अशी जनावरे घशात विषाणू बाळगणारी वाहक असू शकतात.
- लस पुरेशी शुद्ध नसेल, तर वारंवार टोचलेल्या जनावरांत लसीमुळेच असंरचनात्मक प्रतिपिंडे तयार होऊन निकाल चुकीने होकारार्थी येतो. त्यामुळे लसीच्या शुद्धतेची तपासणी हा चाचणीच्या विश्वासार्हतेचाच भाग आहे.
- अगदी लहान वासरांत आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडे असतात, तर वयस्क जनावरांत जुन्या संसर्गाची किंवा अनेक लसींची. अलीकडचा संसर्ग शोधण्यासाठी म्हणून साधारणतः सहा महिन्यांवरील तरुण जनावरांचे नमुने अधिक उपयुक्त ठरतात.
- नमुना उन्हात राहिला, रक्तपेशी फुटून लाल झाला किंवा बिल्ल्याचा क्रमांक चुकला, तर उत्तम चाचणीही निरुपयोगी ठरते.

हेही पहा

- लाळ्या खुरकूत
- बुळकांडी
- ब्रुसेलोसिस
- लम्पी चर्मरोग
- उस्मानाबादी शेळी
- नळदुर्ग